जामीन

पिंपळनेरच्या खाली, पांझरेच्या उथळात
पोरं बांबूचा सापळा लावतात.
तोंड रुंद, परातीएवढं.
कामट्यांची टोकं सगळी आतल्या अंगाला वळलेली:
शिरताना गुदगुल्या करतात,
परतताना डोळ्यात घुसतात.

हे मला फिबीबाईनं सांगितलं,
मिशनच्या जुन्या दवाखान्याच्या ओट्यावर लसूण सोलत.
मी काही मासे धरायला निघालो नव्हतो.
मी भटूला जामीन राहायला निघालो होतो.

पतसंस्थेचा कागद शर्टाच्या खिशात.
जुना पिकअप, कांद्याचं भाडं,
दोन हंगामांत फिटेल असा हिशेब
भटूनं विडीच्या पुड्यावर करून दाखवलेला.
सातवीपर्यंत एकाच बाकावर बसलो आम्ही,
एकाच डब्यातली कळण्याची भाकर.

फिबीबाई बहात्तरची. गावातली निम्मी माणसं
पहिल्यांदा रडली ती तिच्याच हातात. मीसुद्धा.
म्हणाली, ‘सही करू नको, आंडोर.’
मी म्हणालो, ‘प्रभूच जामीन राहिला की आपल्यासाठी!’
वाटलं, आता हिची बोलती बंद.
तिनं मांडीवरची सालं फुंकली.
‘त्याले किंमत माहीत व्हती.
तुले माहीत शे का?’

मला माहीत नव्हती.
कागदावर रकमेची जागा अजून कोरी होती.

घरी येऊन प्रार्थना केली म्हणू?
खरं सांगतो, आधी राग केला तिचा.
रात्री उशिरा केली.
सकाळी टपरीवर भटूला नाही म्हणालो.
त्यानं माझ्याही चहाचे पैसे दिले
आणि दीड वर्ष बोलला नाही.

जे घडत नाही, त्याचा आवाज होत नाही.
माझ्या दुकानात विहिरीवरच्या मोटारी जळून येतात,
वास येतो, तांबं काळं पडतं, कळतं.
न जळलेली मोटार
कुणी दाखवायला आणत नाही.

पिकअप सामोड्याच्या वळणावर उलटला.
भटू वाचला, सुरतेला गेला, तिकडचाच झाला.
नोटीस आली ती ओबेद बैसाणेच्या दारी.

ओबेद. चर्चची घंटा वाजवतो,
शाळेचे गणवेश शिवतो,
‘नाही’ एवढं एक त्याला कधी शिवता आलं नाही.
मशीन गेली. कात्रीही नेली त्यांनी,
टेप तेवढा गळ्यात होता म्हणून राहिला.

त्या रविवारी मी वाचलो म्हणून
उपकार मानायला गुडघे टेकले
आणि शब्द येईनात.
मागच्या बाकावर ओबेद खोकत होता.
सापळ्याचं तोंड मला दाखवलेलं होतं.
मी बाजूनं पोहून गेलो,
मागच्याला शेपटीचा हिसकासुद्धा दिला नाही.

फिबीबाईकडे गेलो. वाटलं, म्हणेल,
बघ, ऐकलंस म्हणून सुटलास.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली,
‘सहीले नको सांगं व्हतं मी.
भाकरले नही.’

आता माझ्या दुकानाच्या दाराकडच्या अर्ध्यात ओबेद बसतो.
धुळ्याहून जुनी मशीन आणली, पायडल करकरतं.
भाडं घेत नाही म्हणून तो माझ्या पोरांच्या चड्ड्या
न विचारता दोनदा शिवतो.

परवा योएल आला, एकोणीस वर्षांचा, खिशाला नवा पेन.
‘काका, नावापुरतीच सही आहे, मित्राच्या मोबाइल दुकानासाठी.’
मी सांगितलं. नदी, कामट्या, सगळं.
तो हसला, गाडीला किक मारली.

ओबेदचं पायडल थांबलं.

मी हाताला वॉर्निश तसंच घेऊन
बाहेर रस्त्यावर आलो,
आणि आठवड्याच्या भर बाजारात, माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्यानं,
त्याला दुसऱ्यांदा हाक मारली.